एक वर्ष थांबायचे, पण कशासाठी?

‘अजून नीट बोलत नाही, पहिलीत वर्षभर उशिरा घाला,’ हा सल्ला विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना हमखास मिळतो. शालेय सज्जता (वर्गाच्या दिनक्रमात सामावण्याची तयारी) वय वाढले की आपोआप येते, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ही सज्जता शाळेचीही असावी लागते. रॅम्प नाही, मदतनीस नाही, खुणा समजून घेणाऱ्या बाई नाहीत, तर सातव्या वर्षीही अडचण तीच.

वापशासाठी (जमीन पेरणीजोगी होण्यासाठी) पेरणी थांबवणारा शेतकरी ते दिवस हात बांधून बसत नाही. तसेच इथेही. वाचोपचार (बोलणे व भाषा सुधारण्याचे उपचार), बालवाडी आणि सवंगडी चालू राहणार असतील, तर थांबण्यात अर्थ आहे. घरी नुसते बसवणे हा उपचार नव्हे.

निर्णय मात्र पालकांचा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला, दिव्यांग असले तरी, शाळेचा हक्क दिला आहे. ‘पुढच्या वर्षी या’ म्हणून शाळेने परत पाठवणे त्यात बसत नाही. याच कायद्यात वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद आहे. म्हणून उशिरा दाखल होणारे मूल पहिलीतच बसेल की थेट दुसरीत, हे थांबण्याआधीच शाळेला विचारावे.