दावा कोणत्या आवृत्तीतला?

दिवाळी सरली की आमच्या कुरखेड्याच्या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक असतं. वडशाच्या कंपनीची गाडी संध्याकाळी गावात येते. रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. नटांना तालमीला फारसा वेळ मिळत नाही, सगळी भिस्त प्रॉम्प्टरवर. लहानपणी विंगेत बसून मी प्रॉम्प्टरची वही पाहिली आहे. खोडलेली वाक्यं, समासात तिरके लिहिलेले नवे संवाद, एखादं पान मागाहून चिकटवलेलं. संहिता बदलत राहते, पण दोन प्रयोगांच्या मधल्या वेळात. ज्या वहीवर पहिला अंक सुरू झाला, तिच्यावरच शेवटचा अंक संपतो.

पुढे पोटापाण्यासाठी मी वर्कफ्लोच्या कामात शिरलो. अर्ज कोणाकडून कोणाकडे जावा, कोणी तपासावा, कुठून परत यावा, हे संगणकाला सांगण्याचं हे काम. पूर्वी त्यासाठी पानंच्या पानं कोड लिहावा लागे. लो-कोड साधनांमध्ये पडद्यावर चौकटी मांडायच्या, बाणांनी जोडायच्या, फॉर्ममध्ये रकाने ओढून आणायचे, की प्रक्रिया चालू होते. अशा आकृत्या काढण्याची बीपीएमएन नावाची जागतिक पद्धत आहे. तिची सध्या प्रचलित असलेली दुसरी आवृत्ती २०११ मध्ये आली. कॅमुंडासारखी साधनं अशी आकृती वाचतात आणि तिच्याबरहुकूम काम चालवतात.

ही सोय खरी आहे. कार्यालयातला अनुभवी कारकूनही स्वतःच्या कामाची आकृती मांडू शकतो, आणि मला त्याचं मोल वाटतं. पण चौकट सरकवणं जितकं सोपं, तितकंच चालू काम मोडणंही सोपं. एका संस्थेसाठी केलेल्या अर्जप्रणालीत मी एकदा मधली एक पायरी काढून टाकली. नव्या अर्जांचा वेळ वाचला. जे अर्ज त्या क्षणी नेमके त्याच पायरीवर उभे होते, त्यांना मात्र पुढे जायला वाटच उरली नाही. ते कोणाच्याच यादीत दिसेनात. अर्जदार विचारायला आले तेव्हा ते आम्हाला सापडले. त्या दिवसापासून आवृत्ती हा विषय माझ्यासाठी तांत्रिक राहिलेला नाही.

चांगली वर्कफ्लो साधनं इथे प्रॉम्प्टरसारखीच वागतात. आकृती एक, तिच्यावर चालणारी प्रकरणं अनेक. आकृती बदलून पुन्हा चढवली की तिला पुढचा क्रमांक मिळतो, जुनी पुसली जात नाही. नवं प्रकरण नव्या क्रमांकावर सुरू होतं, आणि अर्ध्यावर असलेलं ज्या क्रमांकावर सुरू झालं त्याच्यावरच पूर्ण होतं. जुनं प्रकरण नव्या आकृतीवर न्यायचंच असेल, तर जुनी कोणती पायरी नव्यातल्या कोणत्या पायरीशी जुळते हे एकेक करून सांगावं लागतं. याला स्थलांतर म्हणतात.

आपल्या तालुक्यात या गोष्टीचा सगळ्यात मोठा धडा संगणकात नाही, वनहक्काच्या फायलीत आहे. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. वाट ठरलेली: दावा ग्रामसभेकडे, वनहक्क समितीची पडताळणी आणि जागेची पाहणी, ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, शेवटी जिल्हास्तरीय समिती. कागदावर काढली तर पाच-सहा चौकटींची सरळ आकृती. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तो या पहिल्या आवृत्तीवर.

सप्टेंबर २०१२ मध्ये नियम बदलले. ग्रामसभेची गणपूर्ती आधी दोन तृतीयांश होती, ती निम्म्यावर आली. हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात, अशी अट जोडली गेली. वनहक्क समितीत अनुसूचित जमातीचे सदस्य किमान एक तृतीयांश असायचे, ते दोन तृतीयांश झाले. सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी आधी वेगळा नमुना नव्हता, तो आला. आणि आकृतीत उलट्या दिशेचा एक बाण आला: ठराव अपुरा वाटला तर वरच्या समितीने दावा फेटाळायचा किंवा त्यात फेरफार करायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा. माझ्या मते हा एक बाण बाकीच्या सगळ्या बदलांहून मोलाचा आहे. अपुऱ्या कागदासाठी गावाचा हक्क कायमचा बुडू नये, याची ती तजवीज आहे.

आता फायलीकडे बघा. २०११ च्या एका ग्रामसभेत निम्म्याहून थोडे जास्त लोक हजर असले, तर त्या दिवशीच्या नियमाने गणपूर्ती झाली नाही. २०१३ ला तेवढ्याच हजेरीने ती झाली. दोन्ही नोंदी एकाच प्रणालीत असतील आणि प्रणालीला फक्त आजची अट माहीत असेल, तर जुनी सभा ती खोटी ठरवील किंवा खरी ठरवील, आणि दोन्ही वेळा निकष चुकीचाच असेल. म्हणून प्रत्येक ठरावाला तारखेबरोबर आवृत्तीचा क्रमांक लागतो, आणि त्या क्रमांकाची अट जपून ठेवावी लागते.

शब्दही तसेच राहून आतून बदलतात. २०१४ च्या महाराष्ट्राच्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या, नियमांनी टोल्याला, पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची वाट दिली. रकान्याचं नाव ‘ग्रामसभा’च राहिलं, पण कालपर्यंत त्यात तीन टोल्यांची मिळून एक सभा होती, उद्या तीन असू शकतात. अशा वेळी जुन्या नोंदीतलं नाव बदलून नवं लिहिणं ही सर्रास होणारी चूक आहे. जुना रकाना लपवावा, काढू नये. जुन्या पर्यायाचा सांकेतिक क्रमांक नव्या पर्यायाला कधीच देऊ नये.

स्थलांतर नीट कसं करावं, याचा नमुनाही याच कायद्यात सापडतो. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय पूर्वी अंतिम असे. १८ मे २०२० च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रात विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली अपिलाची समिती दिली. कुरखेडा त्या क्षेत्रात येतो. म्हणजे आकृतीच्या शेवटी एक नवी चौकट. मग आधीच संपलेल्या प्रकरणांचं काय? अधिसूचनेने ते मोघम सोडलं नाही. निर्णय आधी झालेला असेल तर सहा महिने, नंतर होणार असेल तर ९० दिवस. बंद फाइल पुन्हा उघडण्याचं दार, त्याची मुदत आणि दोन आवृत्त्यांमधली सीमारेषा एका वाक्यात मांडली गेली. संगणकावर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

प्रक्रियेची आवृत्ती सर्व्हरवर बदलते. ॲपची मात्र प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर. अंगणवाडी सेविकांना हे चांगलंच माहीत आहे. पोषण अभियानातलं त्यांचं पहिलं ॲप कॉमकेअर या लो-कोड साधनावर बांधलेलं होतं. कॉमकेअरमध्ये फॉर्म बनवणारा कितीही बदल जतन करो, फोनवर जाते ती ‘प्रसृत’ अशी खूण केलेलीच आवृत्ती, आणि भरून आलेल्या प्रत्येक फॉर्मबरोबर ॲपची आवृत्तीही येते. पुराडा किंवा मालेवाड्याच्या आतल्या गावात दिवसभर रेंज नसेल, तर फोन जुन्याच आवृत्तीवर फॉर्म भरत राहतो आणि ते उशिरा पोचतात. असा फॉर्म नाकारायचा नसतो, त्याच्या आवृत्तीप्रमाणे वाचायचा असतो. २०२१ मध्ये ते ॲप जाऊन पोषण ट्रॅकर आलं. ही नुसती नवी आवृत्ती नव्हती, साधनच नवं होतं. इंग्रजीतलं ॲप आणि ते न पेलणारे फोन, या तक्रारी घेऊन त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या सेविकांनी मोबाइल परत केले. आवृत्ती बदलताना ती कोणाच्या हातात जाणार हे आधी विचारलं नाही, तर उत्तर असं मिळतं.

आमच्या भागातल्या जुन्या गावांच्या निस्तार पत्रकांवर, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या नोंदींवर, जिल्हा चांदा असं लिहिलेलं असतं. चांद्याचं चंद्रपूर झालं, २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला, पण त्या कागदावरचा चांदा कोणी खोडला नाही. म्हणूनच तो कागद आज पुरावा म्हणून दाव्याला जोडता येतो.

अलीकडे मी कोणतीही अर्जप्रणाली बांधली की पोचपावतीच्या तळाशी एक ओळ छापून घेतो: अर्ज कोणत्या तारखेला, प्रक्रियेच्या कोणत्या आवृत्तीवर दाखल झाला. पावती घडी घालून लोक पिशवीत ठेवतात, सातबाऱ्याच्या आणि आधारच्या झेरॉक्सजवळ. पाच वर्षांनी कोणी नियम बदलल्याचं सांगितलं, तर खिडकीपुढे उलगडून दाखवायला ती ओळ त्यांच्याजवळ असते.