डोंगरी वाटेवर उंच जॅक : बाळगण्याची व वापरण्याची रीत

भाद्रपद सरत आला की महाबळेश्वर तालुक्यात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांची घाई सुरू होते. शेणखत, ठिबकाच्या नळ्या, आच्छादनाचा कागद आणि खालच्या, कमी पावसाच्या गावांतील रोपवाटिकांत वाढविलेली रोपे, हे सर्व थोड्या दिवसांत शेतावर पोचवावयाचे असते. नेमक्या त्याच दिवसांत शेताची वाट ओली असते. वर्षाकाठी सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पिणारी ही भूमी आहे. 23 जुलै 2021 च्या सकाळी संपलेल्या 24 तासांत तर येथे 594 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि पोलादपूरकडे उतरणारा आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला. पक्क्या घाटरस्त्याची ही गत, मग जांभ्यावरील तांबड्या मातीच्या शेतवाटेची कथा काय सांगावी!

पूर्वी बैलगाडी रुतली म्हणजे चार माणसे चाकाला खांदा देत व गाडी निघे. माल भरलेल्या पिकअपपुढे खांदा चालत नाही. चालक इंजिन जोराने फिरवितो, चाक जागच्या जागी फिरून अधिक खोल जाते आणि रोपांच्या पेट्या उन्हात सुकू लागतात. अशा प्रसंगी चाक सरळ वर उचलून त्याखाली दगड वा फळी सारणारे साधन म्हणजे उंच जॅक होय. हल्ली आमच्या भागातील अनेक जीपगाड्यांवर तो टांगलेला दिसतो. परंतु तो वापरण्याची रीत ठाऊक नसल्यास हेच साधन हात, जबडा किंवा जीवही घेऊ शकते, म्हणून हा लेख.

रचना व शक्ती

हा जॅक मुळात शेतकऱ्याचाच आहे. अमेरिकेतील इंडियाना प्रांतातील ब्लूमफील्ड या गावी 1905 पासून तो तयार होऊ लागला. गाडी उचलणे, कुंपणाचे खांब उपटणे व तार ताणणे ही त्याची कामे. भोके पाडलेली एक उभी लोखंडी पट्टी, तिच्या तळाशी बैठक, पट्टीवर चढणारा ठोकळा, त्याला पुढे आलेली जीभ व एक लांब दांडा, एवढीच त्याची रचना. ठोकळ्यात दोन खुंट्या असतात. दांडा दाबला की एक खुंटी भार धरून ठेवते व दुसरी वरच्या भोकात जाते. पहारीने धोंडा उचलताना जी तरफ आपण वापरतो तीच ही. फरक इतकाच की येथे प्रत्येक दाबानंतर भार अडकून राहतो.

नेहमीच्या 48 इंची जॅकचे वजन सुमारे 13 किलो असते व चांगल्या बनावटीचा जॅक सुमारे 2,100 किलोपर्यंत भार उचलतो. बाजारात नकलाही पुष्कळ आहेत. जॅकवर कोरलेला आकडा पाहूनच घ्यावा. चांगल्या जॅकात एक खीळ मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. भार मर्यादेबाहेर गेला की तीच तुटते व पुढचा अनर्थ टळतो. तिच्या जागी कठीण बोल्ट ठोकून बसविणे म्हणजे पहारेकऱ्यालाच घालवून देणे होय.

आपल्या गाडीस तो चालतो काय?

हा प्रश्न विकत घेण्यापूर्वीच विचारावा. जुन्या जीपचा लोखंडी बंपर जॅकच्या जिभेवर नीट बसतो. नव्या गाड्यांचे बंपर बहुधा प्लास्टिकचे असतात. ते चेपतात वा फाटतात. गोल वा उतरत्या बंपरावरून जीभ निसटते. पिकअपच्या सांगाड्याचा मागील आडवा लोखंडी भाग पुष्कळदा उपयोगी पडतो. तोही नसेल तर जाणत्या कारागिराकडून सांगाड्यास पक्की खाच बसवून घ्यावी. जीभ टेकण्यास घट्ट जागा नसेल, तर हा जॅक त्या गाडीसाठी नाही असे समजावे.

सडकेवर पंक्चर झाल्यास गाडीचा स्वतःचा बुटका जॅकच बरा. उंच जॅक गाडीचा सांगाडा वर नेतो. चाक मात्र कमानपाट्यांच्या लवचिकपणामुळे बराच वेळ जमिनीलाच चिकटून राहते. म्हणून तो फार उंच न्यावा लागतो आणि जितका उंच तितका डुलतो. यावर उपाय असा की, उचलण्यापूर्वी अ‍ॅक्सल साखळीने सांगाड्यास बांधावा. मग चाक लवकर सुटते व जॅक कमी चढवावा लागतो.

उचलण्याची रीत

प्रथम माल उतरवावा. एक टन माल घेतलेली पिकअप अडीच-तीन टनांची होते व त्यातील बराच भार मागील चाकांवर असतो. माणसे खाली उतरवावीत, इंजिन बंद करावे, गाडी गिअरमध्ये ठेवून हातब्रेक ओढावा. तेवढ्यावर मात्र विसंबू नये. हातब्रेक बहुधा मागच्याच चाकांस लागतो आणि इंजिनाने फिरणाऱ्या चाकांपैकी एक अधांतरी झाले की गिअरचाही आधार सुटतो. यासाठी जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या पुढे-मागे मोठे दगड लावावेत. तीव्र उतारावर हा जॅक लावूच नये.

यानंतर बैठक. जॅकची बैठक अवघी सुमारे 28 चौरस इंचांची असते. तिच्यावर 600 किलो भार आला तर दर चौरस इंचास 21 किलोंहून अधिक दाब पडतो. ओली माती तो सोसत नाही. खाली दीड फूट लांब-रुंद जाड फळी घातली की हाच दाब दोन किलोंच्या आत येतो. तेरा किलोंचा जॅक बाळगणाऱ्याने ही फळी बाळगण्याचा कंटाळा करू नये. फळीवाचून जॅक हा ओल्या मातीत मेख ठोकण्याचे साधन ठरतो.

जॅक अगदी उभा ठेवून सावकाश दाब द्यावेत. दर तीन-चार दाबांनंतर थांबून तो कोणत्या बाजूस कलतो आहे ते पाहावे. कलू लागल्यास उतरवून पुन्हा मांडावा. हाताने रेटून सरळ करू पाहू नये. चाक सुटताच फळीच्या वा लांब काठीच्या टोकाने त्याखाली दगड सारावेत. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके, हात वा पाय कधीही घालू नये. उंचावलेली गाडी ढकलून बाजूस पाडण्याची एक युक्ती काहीजण करतात. ती धोक्याची असल्याने आम्ही ती कोणासही सुचवीत नाही.

उतरविताना अधिक सावध

अपघात उचलताना होतात त्याहून उतरविताना अधिक होतात. कळ खाली फिरविण्यापूर्वी दांडा उभ्या पट्टीस टेकलेला असलाच पाहिजे. उतरताना प्रत्येक टप्प्यास सारा भार दांड्यास वर ढकलतो. पकड ढिली झाली तर दांडा झटक्याने उसळतो व पुढे वाकलेल्याच्या तोंडावर बसतो. आमच्याच हातून एकदा ओल्या तळव्यामुळे तो निसटला. हनुवटीस ओझरताच लागला हे दैव. तेव्हापासून हात पुसल्यावाचून आम्ही दांडा धरीत नाही. उभे राहावे ते बाजूस, दांड्याच्या वाटेत डोके नसावे, आणि पकड दोन्ही हातांची असावी. भार अगदी हलका, म्हणजे सुमारे 70 किलोंहून कमी असेल, तर ठोकळा टप्प्याटप्प्याने न उतरता एकदम घसरतो, हेही ध्यानात ठेवावे.

बाळगण्याची रीत

गाडीत मोकळा पडलेला जॅक पसरणी घाटाच्या वळणावर एकदम ब्रेक लागताच माणसांवर येतो. तो दोन ठिकाणी बोल्टने घट्ट आवळावा आणि गाडीच्या बाहेर टोक काढून राहू नये. बाहेर लावल्यास चिखल खुंट्यांत जाऊन सुकतो व ऐन वेळी खुंटी भोकात बसत नाही. म्हणून ठोकळ्याभोवती जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. पावसाळ्यापूर्वी व नंतर जॅक धुऊन, कोरडा करून, खुंट्या व त्यांच्या स्प्रिंगांना पातळ तेल द्यावे आणि घरच्या अंगणात एकदा चालवून पाहावा. जॅकबरोबर फळी, साखळी व हातमोजे एकाच जागी ठेवावेत.

एरवीही तो रिकामा राहत नाही. गवे व रानडुकरे यांच्यासाठी घातलेल्या कुंपणाचे जुने खांब साखळी अडकवून तो सरळ वर काढतो, व खड्डा खणण्याचे श्रम वाचतात.

शेवटी एवढेच की, हा जॅक घाईत वापरण्याचा नव्हे. रोपे सुकत असता धीर धरणे कठीण, हे आम्ही जाणतो. परंतु माल उतरविणे, दगड लावणे व फळी घालणे यांस अर्धा तास पुरतो. रोपे सावलीत नेऊन ठेवली तर तेवढा वेळ ती खात्रीने तग धरतात.