टाळेबंदीतला बहर

२०२० सालचा गुढीपाडवा आठवतो ना? २५ मार्चला गुढ्या उभ्या राहिल्या आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. बाजार बंद, एस.टी. बंद, पाहुणेरावळे बंद. बांधावरच्या कडुनिंबाला मात्र कोणी अडवले नाही. त्याची कोवळी पालवी वेळेवर आली.

त्याच दिवसांत साता समुद्रापलीकडे एक वृद्ध चित्रकार हेच डोळे भरून पाहत होते. त्यांचे नाव डेव्हिड हॉकनी. जन्म १९३७ चा, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी. २०१९ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात एक जुने घर घेतले. हा मुलूख सफरचंदांचा आणि दुभत्या गाईंचा. घराभोवती फळझाडे होतीच. येत्या वसंतात त्यांचा बहर चितारायचा, असा बेत ठरला.

१७ मार्चला फ्रान्समध्येही टाळेबंदी आली. हा रोग म्हाताऱ्यांना अधिक घातक आणि हॉकनींचे वय ब्याऐंशी. पण त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. साधन काय, तर आयपॅड. म्हणजे पाटीसारखे विजेवर चालणारे यंत्र. त्याच्या काचेवरच चित्र काढायचे. रंग कालवणे नाही, सुकण्याची वाट पाहणे नाही.

त्यांची रीत आपल्याला कळण्यासारखी आहे. झाडे तीच, पण पाहणे रोजचे. आधी निष्पर्ण फांद्या काढल्या, मग फुगलेले डोळे, मग फुले, मग पाने. बहर चार दिवसांचा. वाफसा गेला की पेरणी हुकते, तसे फूल गळले की चित्र हुकते. म्हणून आजचे काम आजच. प्रत्येक चित्राला क्रमांक आणि तारीख. नवी चित्रे ते मित्रांना पाठवीत. पिवळ्या डॅफोडिल फुलांच्या एका चित्राला तर त्यांनी नावच असे दिले की, वसंत कोणाला रद्द करता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

त्या वसंतातील ११६ चित्रे २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत मांडली गेली. पुढे वर्षभराची चित्रे जोडून त्यांनी सुमारे ९० मीटर लांबीचा चित्रपट्टा केला. तोही त्याच वर्षी पॅरिसमध्ये लागला.

आता आपले सांगतो. वसंत रद्द झाला नाही, पण बाजार झाला. त्यांचा बहर कागदावर टिकला. आपल्याकडे कित्येकांची द्राक्षे आणि भाजीपाला गिऱ्हाइकावाचून वाया गेला. हा फरक मी विसरत नाही. चित्रांनी ते नुकसान भरून येत नाही.

तरी एक गोष्ट घेण्याजोगी आहे. पिकाची नोंदवही ठेवा, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. पालवी कधी फुटली, मोहोर कधी आला, कीड प्रथम कधी दिसली, हे तारखेनिशी लिहा. घरातल्या मुलाला दारचे एकच झाड नेमून द्या. त्याने रोज ते पाहावे, जमेल तसे चितारावे. पुढच्या हंगामात ती वही तुम्हालाच उपयोगी पडेल.