पंधरा सामने झाले, सदुसष्ट बाकी आहेत

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचा २०२४-२५ चा हंगाम २२ ऑक्टोबरला सुरू झाला. आता नोव्हेंबरचा तिसरा आठवडा उलटला आहे. प्रत्येक संघाला ८२ सामने खेळायचे आहेत आणि बहुतेकांचे जेमतेम पंधरा झालेत. तरी आमच्यासारख्या शौकिनांनी कोण जिंकणार, कोण बुडणार याचे निकाल लावायला सुरुवातही केली आहे. आपल्याकडे हे सामने पहाटे किंवा सकाळी दिसतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना हल्ली आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतो. म्हणजे फज्रची नमाज झाली की चहाबरोबर सामना. घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील तर हा प्रकार तुम्हाला नवा नाही.

यंदा सगळ्यांच्या तोंडी क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचं नाव आहे. या संघाने पहिले सलग १५ सामने जिंकले. सोळाव्या सामन्यात, १९ नोव्हेंबरला, गतविजेत्या बोस्टन सेल्टिक्सने त्यांना १२०-११७ असं हरवलं. गंमत अशी की क्लीव्हलँडने कुठलाही मोठा खेळाडू नव्याने आणलेला नाही. डोनोव्हन मिचेल, डॅरियस गारलँड, इव्हान मोब्ली, जॅरेट ॲलन ही चौकडी गेल्या वर्षीचीच. बदलले ते फक्त प्रशिक्षक. नवे प्रशिक्षक केनी ॲटकिन्सन यांनी मिचेलला मैदानावर थोडा कमी वेळ ठेवला आणि तरुण मोब्लीच्या हाती चेंडू जास्त दिला. घर तेच, माणसं तीच, कामाची वाटणी तेवढी नवी; आणि घराचा नूरच पालटला.

याच्या उलट फिलाडेल्फियाचं. त्यांनी पॉल जॉर्ज या नावाजलेल्या खेळाडूशी चार वर्षांचा सुमारे २१ कोटी २० लाख डॉलरचा करार केला. जोएल एम्बीड आणि टायरीज मॅक्सी संघात होतेच. कागदावर हा संघ भारी दिसत होता. पण एम्बीड सुरुवातीचे सामने खेळलाच नाही, जॉर्जलाही दुखापत झाली आणि पहिल्या १४ सामन्यांत फक्त २ विजय हाती लागले. पैशाने नावं गोळा करता येतात, शाबूत गुडघे विकत मिळत नाहीत.

मग क्लीव्हलँडच जिंकणार का? याआधी तीनच संघांनी हंगामाची सुरुवात निदान पंधरा सलग विजयांनी केली होती. १९४८-४९ चे वॉशिंग्टन कॅपिटॉल्स अंतिम फेरीत हरले. २०१५-१६ च्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने तर पहिले २४ सामने जिंकले, एकूण ७३ जिंकून विक्रम केला आणि शेवटी अंतिम फेरी गमावली. विजेतेपद मिळालं ते एकट्या १९९३-९४ च्या ह्यूस्टन रॉकेट्सला. तिघेही अंतिम फेरीपर्यंत पोहोचले, एवढं मात्र खरं. म्हणून माझा अंदाज असा की क्लीव्हलँड दूर जाईल, पण बोस्टनला ओलांडणं अवघड आहे. पहिल्याच रात्री बोस्टनने न्यूयॉर्कविरुद्ध तीन गुणांच्या २९ बास्केट टाकून एका सामन्यातल्या विक्रमाची बरोबरी केली. अशा संघाशी सातपैकी चार सामने जिंकायचे म्हणजे खायचं काम नाही.

ह्यूस्टनच्या त्या विजेत्या संघाचा आधारस्तंभ होते हकीम ओलाजुवॉन. नायजेरियातल्या लागोसचा हा मुलगा. त्या एकाच वर्षी ते हंगामाचे, बचावाचे आणि अंतिम फेरीचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्याच्या पुढच्या वर्षी, १९९५ मध्ये, फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच रमजान सुरू झाला. हकीम रोजे ठेवून खेळले आणि त्या महिन्याचे सर्वोत्तम खेळाडूही तेच ठरले. यंदा रमजान मार्चच्या सुरुवातीला येईल, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. डॅलसचा कायरी अर्विंग गेली काही वर्षं रोजे ठेवून खेळतो. त्याचा संघ गेल्या वर्षी अंतिम फेरीत बोस्टनकडून हरला आणि यंदाही सुरुवात अडखळतच झाली. पण डॅलसबद्दल आत्ताच काही बोलू नये. मार्चमध्ये बघू.

तरुणांमध्ये नजर खिळते ती सॅन अँटोनिओच्या व्हिक्टर वेम्बन्यामावर. सव्वासात फुटांहून उंच असा हा फ्रेंच मुलगा अवघ्या २० वर्षांचा आहे. १३ नोव्हेंबरला त्याने वॉशिंग्टनविरुद्ध ५० गुण केले. एवढ्या उंचीचा खेळाडू पूर्वी बास्केटखाली उभा राहायचा. हा दुरून फेकतो, चेंडू टप्पे देत नेतो आणि समोरच्याचा फटका हवेतच अडवतो. त्याच्याच संघात ३९ वर्षांचा ख्रिस पॉल आहे. पोराच्या हाती चेंडू कधी द्यायचा हे त्याला नेमकं कळतं. मुरब्बी माणूस शेजारी असला की हुशार मुलाचं किती भलं होतं, ते इथे दिसतं.

पण घरोघरी ज्यावर वाद झाला, ती गोष्ट लेकर्सची. २२ ऑक्टोबरच्या रात्री लेब्रॉन जेम्स आणि त्याचा मुलगा ब्रॉनी एकाच संघातून मैदानात उतरले. एनबीएच्या इतिहासात बाप-लेक एकत्र खेळण्याची ही पहिलीच वेळ. बाप ३९ वर्षांचा, २२वा हंगाम खेळणारा, करीम अब्दुल जब्बार यांचा ३८,३८७ गुणांचा विक्रम २०२३ मध्ये मोडलेला. मुलगा २० वर्षांचा, महाविद्यालयात सामन्यामागे पाच गुणही न गाठलेला. नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याचा क्रमांक लागला ५५वा, शेवटून चौथा. त्या रात्री तो तीन मिनिटांहून कमी खेळला आणि त्याला एकही गुण मिळाला नाही.

लोक म्हणतात, हा सरळ वशिला आहे. मलाही वाटतं, नाव जेम्स नसतं तर लेकर्सनी त्याला घेतलं नसतं. ती जागा मिळावी म्हणून झिजणारी, नावामागे कुणी नसलेली शेकडो मुलं आहेत. त्यांच्या आईबापांना हे खुपणारच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तरी दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. जुलै २०२३ मध्ये सराव करताना याच मुलाचं हृदय बंद पडलं होतं. जन्मजात दोष निघाला, शस्त्रक्रिया झाली. तेव्हा तो १८ वर्षांचा होता. त्या मुलाला पुन्हा उभं राहून धावताना पाहणं त्या घराला काय वाटलं असेल, हे आईबापांना सांगायला नको. आणि बापाने दार उघडून दिलं, तरी आत टिकणं त्याचं त्यालाच करायचं आहे. लेकर्सनी त्याला आता आपल्या खालच्या स्तरावरच्या संघात खेळायला पाठवलं आहे. तिथे झगमगाट नाही, बाप शेजारी नाही आणि समोरचा त्याच्या आडनावाला भीत नाही.

म्हणून क्लीव्हलँडचे विजय, फिलाडेल्फियाचे पराभव आणि ब्रॉनीचा भोपळा, या तिन्हींवर आजच शिक्का मारू नये. मुलांनी विचारलंच तर त्यांना सांगा, दोन-तीन वर्षं थांबा, ब्रॉनीचे आकडे तेव्हा पाहू. तोवर सब्र करावा. अजून सदुसष्ट सामने बाकी आहेत.