वेसाव्याची नखत, तमिळांची खुशबू

१९९३ चा ‘अनाडी’ अनेकांना आठवत असेल. भावांच्या पहाऱ्यात वाढलेल्या मुलीची करिश्मा कपूरने केलेली ती भूमिका मूळची तमिळ. पी. वासू यांच्या ‘चिन्न तंबी’त (१९९१) प्रभूसमोर ती खुशबूने साकारली होती. आणि ही खुशबू आपल्या अंधेरीची.

२९ सप्टेंबर १९७० रोजी वेसावे-अंधेरी भागातल्या मुस्लिम घरात तिचा जन्म झाला. नाव नखत खान. अंधेरी, जुहू, वेसावे हा पट्टा म्हणजे हिंदी सिनेमाचे परसदार. आंबोलीचा फिल्मालय स्टुडिओ तर हाकेच्या अंतरावर. ‘द बर्निंग ट्रेन’मध्ये (१९८०) ती बालकलाकार म्हणून दिसली, ‘दर्द का रिश्ता’तही (१९८२) होती. ‘जानू’त (१९८५) जॅकी श्रॉफची नायिका झाली. हिंदीत तिची वाट पुढे गेली नाही, ती दक्षिणेत उघडली. ‘कलियुग पांडवुलु’ (१९८६) या तेलुगू चित्रपटात तिचा नायक होता व्यंकटेश. पुढे ‘अनाडी’चा नायकही तोच झाला.

रजनीकांतच्या ‘धर्मत्तिन तलैवन’मधून (१९८८) ती तमिळमध्ये आली. फाझिल यांच्या ‘वरुषम १६’ने (१९८९) तिला नाव दिले, ‘चिन्न तंबी’ने सिंहासन. तिरुचिरापल्लीत चाहत्यांनी तिचे मंदिर बांधल्याची बातमी देशभर गाजली. मला त्याहून मोलाची वाटते ती ‘खुशबू इडली’. मऊ, टम्म फुगलेल्या इडलीला तमिळ खानावळींनी तिचे नाव दिले. देवळात दुरून दर्शन घेतात. इडली रोजच्या ताटात येते.

‘अण्णामलै’त (१९९२) बंगळुरूच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत, आणि वेसाव्याची नखत हे दोघे नायक-नायिका होते. तमिळ ही दोघांचीही मातृभाषा नव्हे. तमिळमध्ये ‘पू’ म्हणजे फूल. त्यातल्या एका गाण्यात खुशबूच्या नावातल्या ‘बू’वर फुलाची कोटी केली आहे. परके नाव भाषेने असे आपल्या वेणीत माळून घेतले.

तिच्यामागून सिमरन, ज्योतिका, तमन्ना अशा मुंबईच्या मुली तिकडे गेल्या. अशा नायिकांचा चेहरा पडद्यावर आणि आवाज डबिंग कलाकाराचा, ही तिथली जुनी रीत. सिमरन आणि ज्योतिकाच्या अनेक भूमिकांना सविताने आवाज दिला. तेव्हा आवाज उसना घेऊनही नायिका होता येई. खुशबू मात्र तमिळ शिकली. जया टीव्हीवर ‘जॅकपॉट’चे सूत्रसंचालन करत ती घरोघरी बोलती झाली. २००० मध्ये तिने दिग्दर्शक सुंदर सी. यांच्याशी लग्न केले.

२००५ मध्ये एका नियतकालिकात तिने विवाहपूर्व संबंधांविषयी मत मांडले आणि वादळ उठले. मोर्चे निघाले, तमिळ स्त्रियांचा अपमान झाल्याचा आरोप झाला, तिचे परकेपण काढले गेले. तिच्याविरुद्ध २३ फौजदारी तक्रारी दाखल झाल्या. २८ एप्रिल २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द केल्या. एखादे मत अनेकांना रुचले नाही म्हणून ते मांडणे गुन्हा ठरत नाही, हा त्या निकालाचा गाभा.

या तक्रारी चालू असतानाच, २००७ मध्ये, ज्ञान राजशेखरन यांच्या ‘पेरियार’मध्ये ती मणियम्मै झाली, पेरियारांची पत्नी आणि त्यांच्या चळवळीची वारसदार. याच दिग्दर्शकाने ‘भारती’त (२०००) महाकवी सुब्रमण्य भारतींच्या भूमिकेसाठी साताऱ्याचे सयाजी शिंदे निवडले होते. भाषेचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या समाजाची ही श्रद्धास्थाने महाराष्ट्रातून आलेल्या दोन कलाकारांनी उभी केली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पुढे ती राजकारणात गेली: २०१० मध्ये द्रमुक, २०१४ मध्ये काँग्रेस, २०२० मध्ये भाजप. २०२१ ची विधानसभा निवडणूक चेन्नईच्या थाउजंड लाइट्स मतदारसंघातून लढली आणि हरली. पक्ष बदलले, पण मते मागण्याची भाषा तमिळच राहिली.

‘आपला कोण?’ हा प्रश्न मुंबईतही सतत विचारला जातो. माटुंगा-धारावीपासून मुलुंडपर्यंत तमिळ घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांतले कोणी मराठी बोलू लागते, चुकते, सुधारते. अशा वेळी मला खुशबू आठवते. जन्मगाव कुणी निवडत नाही. भाषा मात्र शिकता येते. शिकणाऱ्याला आपले म्हणायचे की नाही, एवढेच आपल्या हाती असते. खुशबूच्या बाबतीत ते काम तमिळ खानावळींनी न्यायालयाच्या कितीतरी आधी केले होते.