तलावाकाठचे बगळे आणि मेंदूज्वर

बंगळुरूतील एचएसआर लेआउट ही होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव मिळालेली वसाहत. तिच्या कडेला असलेल्या अगरा तलावाभोवती सकाळी फिरायला येणाऱ्या रहिवाशांना बगळे आणि वंचक नित्य दिसतात. या वसाहतीत डासांची चर्चा निघाली की ती डेंग्यूची असते. २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने डेंग्यूला साथीचा रोग घोषित केले, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. शहरी डेंग्यूचा विषाणू माणसाकडून डासाकडे आणि डासाकडून पुन्हा माणसाकडे फिरतो. त्याला पशुपक्ष्यांची गरज लागत नाही. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी ओतून दिले की त्याची एक वाट बंद होते.

जपानी मेंदूज्वराचे तसे नाही. त्याचे माहेर पाणपक्ष्यांत. बगळा, वंचक यांच्या रक्तात हा विषाणू वाढतो, पण पक्षी सहसा आजारी दिसत नाही. भातखाचरांत वाढणारे क्युलेक्स विष्णुई गटातील डास (नाव पालनकर्त्याचे, काम मात्र निराळे) तो डुकरांपर्यंत नेतात. डुकराच्या रक्तात काही दिवस विषाणूंची संख्या प्रचंड असते. शिवाय दरवर्षी नवी, प्रतिकारशक्ती नसलेली पिले जन्मतात, आणि विषाणूला नवे घर मिळत राहते. गायीबैलांना हेच डास अधिक चावतात; तथापि त्यांच्या रक्तात तो फारसा वाढत नाही. माणूसही शेवटचे स्थानकच: त्याच्या रक्तातून डासाला पुढे नेण्याइतका विषाणू मिळत नाही. म्हणूनच केवळ रुग्णांवर उपचार करून हा रोग संपणारा नाही. लागण झालेल्यांपैकी शंभरात एकालाही मेंदूज्वर होत नाही. मात्र ज्यांना होतो त्यांतील २० ते ३० टक्के दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. बळी बहुतांशी मुलांचा.

बंगळुरूपासून सुमारे ७० किलोमीटरवरील कोलार जिल्ह्याने हे १९७० च्या दशकाच्या अखेरीस अनुभवले. पुण्यात १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या बंगळुरू शाखेने त्या परिसरात दीर्घकाळ काम केले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कोलारच्या पाणपक्ष्यांप्रमाणेच जमिनीवर वावरणाऱ्या रानपक्ष्यांच्या रक्तातही या विषाणूची प्रतिपिंडे आढळली.

मग बगळे हाकलावेत काय? पक्षी दुसऱ्या तळ्यावर जाईल, विषाणू त्याच्यासोबत. डुकरांचे गोठे वस्तीपासून दूर ठेवणे, सायंकाळपासून मच्छरदाणी वापरणे हे उपयोगी. परंतु भरवशाचे साधन लसच. कोलारमध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी मिळालेल्या विषाणूपासून तयार केलेली जेनव्हॅक ही भारतीय लस २०१३ मध्ये आली. ज्या जिल्ह्यांत हा रोग नेहमी आढळतो, तेथील बालकांना आता नियमित लसीकरणात नवव्या महिन्यात आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान जपानी मेंदूज्वराच्या लशीच्या दोन मात्रा दिल्या जातात.