विद्यापीठाची झोळी

विद्यापीठास पैसा कोण पुरवितो, असा प्रश्न आमच्याकडील चार सुशिक्षित गृहस्थांस विचारला तर चौघेही ‘सरकार’ असे एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतील. हे उत्तर अर्धेच खरे आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली सरकारी कायद्याने निर्माण झाले हे निर्विवाद. परंतु त्याचा जो मनोरा फोर्टातून जाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस पडतो, तो एका व्यापाऱ्याच्या पैशाने उभा आहे. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लक्ष व मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले आणि मनोऱ्यास आपल्या मातोश्री राजाबाई यांचे नाव दिले गेले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आलेला तो काळ होता. दुसऱ्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि स्वतः प्रेमचंदशेठही त्या पडझडीत सापडले. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला. हे दान थोर होते यात शंका नाही. तथापि ते भरतीच्या लाटेबरोबर आले. ज्या विद्यापीठास ओहोटीच्या दिवसांत झोळी घेऊन निघावे लागते त्याच्या चालकांनी लोकांस सांगावे तरी काय, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

१९१६ हे साल या दृष्टीने मोठे बोधप्रद आहे. त्या साली ४ फेब्रुवारीस काशी येथे लॉर्ड हार्डिंग यांच्या हस्ते हिंदू विश्वविद्यालयाची कोनशिला बसली, आणि त्यानंतर चारच महिन्यांनी पुण्यास प्रो. धोंडो केशव कर्वे यांचे महिला विद्यापीठ स्थापन झाले. काशीच्या कार्यामागे एक कोटी रुपयांचा संकल्प होता, १९१५ चा कायदा होता, दरभंग्याच्या महाराजांसारखे पाठीराखे होते आणि पंडित मदनमोहन मालवीय यांची अमोघ वाणी होती. पंडितजी राजवाड्यापासून दुकानाच्या ओट्यापर्यंत सर्वत्र फिरले, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय. परंतु लोकांच्या तोंडी काय राहिले आहे? निजामाने फेकलेला जोडा पंडितजींनी लिलावास काढला, ही आख्यायिका! ती खरी की खोटी याची चौकशी न करता ती सभांतून आजही सांगितली जाते. आम्हांस ती आवडत नाही. दान देणारा फजीत झाला म्हणून त्याने पैसे दिले, असे तिचे तात्पर्य निघते. आणि ज्या हजारो सामान्य माणसांनी विद्येच्या प्रेमाने आपल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली त्यांचे त्या कथेत नावही नाही.

कर्व्यांपाशी यांतले काहीच नव्हते. सरकारी मान्यता नव्हती, राजेरजवाड्यांचा आश्रय नव्हता आणि वक्तृत्व तर मुळीच नव्हते. फर्ग्युसन कॉलेजातील हे गणिताचे अध्यापक स्वभावाने इतके संकोची की चारचौघांत उभे राहून बोलणे त्यांस जड जाई. जपानातील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. तिच्या आधाराने त्यांनी डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून आपली कल्पना मांडली. मातृभाषेतून उच्च शिक्षण आणि ‘गृहीतागमा’ ही पदवी, हे ऐकून पुष्कळ शहाण्यासुरत्या लोकांनी माना हलविल्या. कॉलेज उघडले तेव्हा विद्यार्थिनी किती होत्या? पाच!

अशा माणसास लोकांनी पैसे का द्यावेत? व्यापारी बंधूंस याचे उत्तर आम्ही सांगावयास नको. कर्ज देताना ते ऋणकोचे भाषण ऐकत नाहीत. त्याची मागली खाती पाहतात. कर्व्यांची मागली खाती उघडी होती. १८९३ साली त्यांनी स्वतः एका विधवेशी विवाह केला आणि त्यापायी मुरुडास बहिष्कार सोसला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या हिंगण्याच्या माळावर एक झोपडी उभारून तो तेथे नेला, आणि कॉलेजातील काम आटोपले की चिखलपाऊस न पाहता पुण्याहून पायी हिंगण्यास जाण्याचा क्रम वर्षानुवर्षे चालविला. ज्यास शंका असेल त्याने हिंगण्यास जावे आणि मुली डोळ्यांनी पाहाव्यात. कर्व्यांपाशी सांगावयास एवढीच कथा होती, आणि ती सांगण्यास वक्तृत्व लागत नव्हते.

कथा सांगण्याचे खरे सामर्थ्य त्यांच्या घरातच होते. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांस सर्व लोक बाया म्हणत, या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. ते सदन १८८९ साली निघाले ते अमेरिकेतील लोकांच्या पैशावर. आणि तो पैसा जमला तो रमाबाईंनी तिकडे जाऊन उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या दुःखाची कहाणी इंग्रजीत लिहिली व गावोगाव सांगितली म्हणून. तेथे शिकलेल्या बायाही पुढे आश्रमासाठी वर्गणी मागत दारोदार हिंडल्या. १९४४ साली निघालेले त्यांचे ‘माझे पुराण’ ज्यांनी वाचले असेल त्यांस त्या बोलण्याचा सडेतोडपणा ठाऊक आहे. प्राध्यापक पती पावती फाडणार आणि पत्नी स्वतःचीच हकीकत सांगणार, असा हा संसार होता. इतिहासात नाव मात्र मुख्यतः पावतीवाल्याचे राहिले, हे जाता जाता नमूद करणे आम्हांस प्राप्त आहे.

१९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांनी या विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई यांचे नाव मिळाले. प्रेमचंदशेठांच्या राजाबाई, विठ्ठलदासांच्या नाथीबाई: मुंबईच्या व्यापाऱ्यांनी विद्येच्या दारावर आपल्या आयांची नावे कोरावीत, हा योगायोग आम्हांस हृद्य वाटतो, ज्या काळी त्या माउली वाढल्या त्या काळी तसले दार त्यांस उघडले नसते. परंतु ध्यानात घेण्याची गोष्ट निराळी आहे. विठ्ठलदासांनी परदेशच्या प्रवासात जपानचे ते महिला विद्यापीठ स्वतः पाहिले होते. कर्व्यांनी ते तोवर पुस्तिकेतच वाचले होते! प्रत्यक्ष तेथे पाऊल ठेवण्यास त्यांस आणखी दहा वर्षे लागली. सांगणाऱ्याने कागदावरून सांगितले आणि ऐकणाऱ्याने डोळ्यांनी पडताळून पाहिले; मग थैलीचे तोंड सुटले. सर विठ्ठलदास १९२२ साली निवर्तले, पण त्यांची देणगी राहिली. साडेतीन टक्क्यांनी पंधरा लक्षांचे व्याज वर्षास साडेबावन हजार होते, हे आमच्या वाचकांस मनातल्या मनात मांडता येईल.

एवढी ठेव मिळाल्यावर दुसरा कोणी स्वस्थ बसला असता. कर्वे १९२९ साली, वयाच्या सत्तरीत, इंग्लंड, युरोप, अमेरिका, जपान असा प्रवास करून आले, आणि १९३० च्या अखेरीस पुन्हा आफ्रिकेस निघाले. सुमारे सव्वा वर्ष ते तेथील हिंदी व्यापाऱ्यांत फिरले व मिळेल ती वर्गणी घेतली. हा हव्यास नव्हे. त्यांच्या विद्यापीठाच्या घटनेत ठरावीक वार्षिक वर्गणी देणाऱ्या पदवीधरांस सिनेटचे सभासद निवडण्याचा हक्क होता. म्हणजे थोडे देणारा मनुष्यही तेथे नुसता दाता नसून काही अंशी मालक होता. मोठ्या देणगीबरोबर नाव येते आणि अटीही येतात. १९३६ साली विद्यापीठाचे ठाणे पुण्याहून मुंबईस गेले. त्यात नफा किती व तोटा किती याविषयी मतभेद असू शकेल. मात्र विद्यापीठाचा निर्णय विद्यापीठाच्याच माणसांनी घ्यावा असे वाटत असेल, तर देणारी माणसे पुष्कळ असली पाहिजेत, याविषयी आमच्या मनात मतभेद नाही. कायद्याने मान्यता मिळण्यास १९५१ साल उजाडले. तोवरची पस्तीस वर्षे ही संस्था लोकांनी पोसली.

आज काय दिसते? पैशाचा दुष्काळ आहे असे म्हणवत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावणे भाग पाडले आहे, आणि गावोगावचे माजी विद्यार्थी परदेशांत चांगले मिळवीत आहेत. परंतु मागणारांचे तोंड पाहावे तर गुळगुळीत कागदावर छापलेली चित्रे, कोनशिलेवर कोणाचे नाव वर आणि कोणाचे खाली याचा घोळ, आणि समारंभास बोलाविलेला एखादा मंत्री. आम्ही स्वतः एका महाविद्यालयास काही वर्षे वर्गणी देत होतो. दरसाल शालजोडीच्या समारंभाचे निमंत्रण न चुकता येई. हिशेब मागितला तेव्हा मात्र पत्रास पोच देखील आली नाही. वर्गणी आम्ही बंद केली, आणि ती बंद झाल्याचेही कोणाच्या ध्यानात आले नाही!

कुलगुरूंनी देणगीदाराकडे जाताना तसबिरींचे पुस्तक घरी ठेवून एखादी विद्यार्थिनी बरोबर न्यावी: कोणत्या गावची, बापाचा धंदा काय, वसतिगृहाचा खर्च किती, त्यातला किती भागला आणि किती भागावयाचा आहे. इकडे व्यापारी बंधूंनीही कोनशिलेची जागा विचारण्यापूर्वी वही मागावी. वही दाखविण्यास जो कचरेल त्यास एक पैही देऊ नये, आणि जो आपण होऊन दाखवील त्यास नाही म्हणू नये.

विद्यापीठ मुंबईस गेले त्याच १९३६ साली कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत शाळा नव्हती तेथे ती घालावी हा त्याचा हेतू. त्यासाठी ते पुन्हा वर्गणी मागत फिरू लागले. वय अठ्ठ्याहत्तर होते.